गाडी अडल्याचं ॲपला कळतं कसं?

तलासरीत रेल्वे स्थानक नाही. मुंबईला जायचं तर एसटी किंवा मिळेल ते वाहन धरून डहाणू रोड गाठायचं. एप्रिल 2013 पासून तिथून लोकल सुटते. पुढे गाडी अडली असेल, तर ते फलाटावर पोचल्यावर कळून काय उपयोग?

28 मे 2024 ला संध्याकाळी पालघरला मालगाडी घसरली. विरारपुढे लोकल, मेल आणि मालगाड्या तेव्हा दोनच मार्गांवरून धावत. त्यामुळे डहाणूच्या लोकल कोलमडल्या. अशी खबर ॲपपर्यंत पोचवायची जगभर रुळलेली पद्धत म्हणजे जीटीएफएस रिअलटाइम. गूगलने ती 2011 मध्ये आणली. पालघरचा प्रसंग तिच्यात कसा बसेल ते पाहू.

ॲपचा सर्व्हर ठरलेल्या वेबपत्त्यावर विनंती पाठवतो, सोबत बहुधा एपीआय की, म्हणजे ॲपची ओळख पटवणारी सांकेतिक किल्ली. उत्तरात 200 आकडा आला की काम झालं. 401 म्हणजे की चालली नाही. 429 म्हणजे फार वेळा विचारताय, जरा दमानं घ्या. माहिती बायनरी स्वरूपात येते. ती उलगडली की एकेक अलर्ट दिसतो: कारण अपघात, परिणाम सेवा बंद किंवा मोठा उशीर, लागू असण्याचा कालावधी आणि प्रवाशांसाठी मजकूर. हा मजकूर एकाच वेळी अनेक भाषांत देता येतो, त्यामुळे मराठी गाळायला तांत्रिक सबब नाही.

वेळ 1 जानेवारी 1970 पासूनच्या सेकंदांत मोजलेली असते, तीही जागतिक प्रमाणवेळेनुसार. साडेपाच तास मिळवायचे राहिले, तर संध्याकाळी पाचची घटना सकाळी साडेअकराची दिसेल.

खरी मेख मात्र ‘कोणाला लागू’ या रकान्यात आहे. तिथे मार्ग, स्थानक किंवा एखादी फेरी नोंदवता येते. नुसतं पालघर स्थानक लिहिलं आणि ॲप फक्त चढण्या-उतरण्याची स्थानकं तपासत असेल, तर डहाणूहून विरारला निघालेल्याला काहीच कळणार नाही. त्याची गाडी पालघरवरूनच जाणार असली तरी! अशा वेळी विरार-डहाणू हा अख्खा मार्गच नोंदवायला हवा.

अलर्टची माहिती दहा मिनिटांपेक्षा शिळी नसावी, असा या पद्धतीचा दंडक आहे. म्हणून ती कितीची आहे हे पडद्यावर दिसू द्या. आणि ॲप बनवणाऱ्यांना एक विनंती: 200 सोबत रिकामी यादी आली तर अलर्ट नाही असं म्हणता येतं, पण उत्तरच आलं नाही तर तसं स्पष्ट सांगा; ‘सेवा सुरळीत’ असं मुळीच दाखवू नका.