माळ्यावरची छंदमासिके

विणकाम-भरतकाम, बागकाम, रेडिओजोडणी, क्रिकेट, छायाचित्रण अशा एखाद्याच आवडीला वाहिलेले नियतकालिक म्हणजे छंदमासिक. ते वर्तमानपत्राप्रमाणे वाचून टाकून दिले जात नाही; त्यातला नमुना, आराखडा किंवा कृती पुन्हा केव्हातरी लागेल या भरवशावर ते वर्षानुवर्षे राखले जाते. छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरसारख्या वसाहतीत, जिथे लहान भूखंडांवर घरे एकमेकांना लागून उभी आहेत आणि अनेक कुटुंबे चिकलठाणा-वाळूजच्या कारखान्यांतील नोकरीच्या आधाराने स्थिरावली आहेत, तिथे या राखलेल्या अंकांची जागा म्हणजे बहुधा माळा असतो. वरच्या मजल्याचे बांधकाम निघाले किंवा मुले नोकरीसाठी पुण्याकडे गेली, की तो रिकामा करण्याची वेळ येते आणि सुतळीने बांधलेले गठ्ठे खाली उतरतात. त्यानंतरचा निर्णय बहुतेक वेळा रद्दीवाल्याच्या काट्यावर होतो. तिथे मोल किलोचे असते आणि तीस वर्षांचा सलग संच व सुटी रद्दी एकाच भावाने जातात. म्हणूनच गठ्ठा काट्यावर चढण्याआधीची निवड हे या सगळ्या प्रक्रियेतले खरे काम आहे आणि ते निगुतीने करावे लागते.

निवडीचा पहिला भाग कागदाची प्रकृती पाहण्याचा असतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात स्लॅबखालचा माळा भट्टीसारखा तापतो आणि त्या कोरड्या उष्णतेने वर्तमानपत्री कागद पिवळा व ठिसूळ होतो, कारण या कागदाच्या लगद्यात लाकडातले लिग्निन हे द्रव्य शिल्लक राहिलेले असते आणि हवा व प्रकाशाशी संबंध येताच त्याचा रंग बदलू लागतो. गुळगुळीत रंगीत पानांची अडचण वेगळी आहे. त्या कागदावर पांढऱ्या मातीचा किंवा खडूसारख्या खनिजाचा लेप असतो. पावसाळ्यात गच्ची गळून गठ्ठा भिजला की हा लेप मऊ होऊन पाने एकमेकांना चिकटतात आणि वाळल्यावर ती सोडवू गेल्यास छपाईच सोलून निघते. असा अंक बाजूला ठेवण्याखेरीज इलाज नसतो. मधल्या पिना गंजून कण्यावर तांबूस डाग पडलेले किंवा कसरीने कडा खाल्लेले अंक मात्र वाचवण्याजोगे असतात. हा फरक पाने उलटल्याशिवाय कळत नाही, म्हणून गठ्ठा वरवर पाहून निकाली काढणे हा सरळ अन्याय ठरतो.

दुसरा भाग क्रम लावण्याचा. मासिकाच्या आतल्या पानावर किंवा मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात ‘वर्ष’ आणि ‘अंक’ असे दोन आकडे छापलेले असतात. पहिला आकडा मासिकाच्या वयाचा आणि दुसरा त्या वर्षातल्या अंकाच्या स्थानाचा असल्यामुळे महिना फाटून गेला असला तरी या दोहोंवरून अंक आपल्या जागी बसवता येतो. नवख्या माणसाची फसगत जोडअंकापाशी होते. दिवाळी अंकाच्या तयारीसाठी अनेक मराठी मासिके दोन महिन्यांचा मिळून एकच अंक काढत आली आहेत. अशा वेळी ऑक्टोबर आहे आणि नोव्हेंबर दिसत नाही म्हणून संच तुटका समजला जातो, प्रत्यक्षात तो पुरा असतो. खरी तूट असते ती अंकाच्या पोटात. भरतकामाच्या अंकातला घडी घातलेला नक्षीचा कागद कुणी छापे काढायला नेलेला असतो, क्रिकेटच्या अंकातले मधले रंगीत चित्र भिंतीवर गेलेले असते, पाककृतीचे एखादे पान स्वयंपाकघरातच राहिलेले असते. या उणिवा अंकाच्या वापराच्या खुणा असल्या, तरी घेणाऱ्याला त्या आधीच सांगायला हव्यात.

कोणता अंक कुणाला उपयोगी पडेल याची उत्तरे विषयागणिक बदलतात. विणकामाच्या टाक्यांना वय नसते, त्यामुळे तसले अंक शिवण-विणकामाचे वर्ग चालवणाऱ्या बायका आजही आवडीने घेतात. १९६९ पासून दिल्लीहून निघणाऱ्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’च्या जुन्या अंकांतील एसी १२८ सारख्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरवर बेतलेल्या जोडण्या आता जशाच्या तशा बांधणे कठीण आहे, कारण ते सुटे भाग सहजी मिळत नाहीत, पण एकेका भागाचे कार्य उघडपणे दाखवणाऱ्या त्या आकृत्या आयटीआयच्या विद्यार्थ्याला आजच्या बंद चिपपेक्षा अधिक काही शिकवून जातात. संदीप पाटील यांच्या संपादनाखालचे क्रिकेटचे ‘एकच षटकार’ किंवा गौतम राजाध्यक्ष यांच्या संपादनाखालचे चित्रपटविषयक ‘चंदेरी’ यांचे मोल संशोधकासाठी निराळे आहे, कारण त्या काळची जाहिरात, छायाचित्र आणि वाचकांची पत्रे पुस्तकांत क्वचितच सापडतात. १९२८ साली सुरू झालेल्या ‘सृष्टिज्ञान’चे जुने अंक मराठीत विज्ञान कसे लिहिले गेले याचा पुरावाच आहेत, आणि असा पुरावा रद्दीत जाऊ देणे ही भाषेची हानी आहे असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

म्हणून देणाऱ्याने आधी यादी करावी. मासिकाचे नाव, वर्ष-अंक, महिना, पानांची स्थिती आणि गहाळ भाग एवढे पाच रकाने पुरतात. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ च्या व्यवस्थेत शासनमान्य ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडतात आणि लहान वर्गाच्या ग्रंथालयात जागा व कपाटे अपुरी असतात. तिथे यादीविना पोत्यांतून आलेली देणगी ग्रंथपालाला ओझे वाटली तर त्यात नवल नाही, उलट यादी हातात असेल तर आपल्याकडच्या संचात नसलेले अंक तो नेमके निवडून दाखल नोंदवहीत चढवू शकतो. शहरातील बळवंत वाचनालय किंवा विद्यापीठाचे ग्रंथालय यांच्याकडे जाण्यापूर्वीही हेच पथ्य पाळावे. मूळ अंक ठेवायला जागा नसेल तर आधी तो संगणकीय रूपात उपलब्ध आहे का, हे पाहावे. बालभारतीचे ‘किशोर’ नोव्हेंबर १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संस्थेने स्वतःच मोफत वाचायला ठेवले आहेत. राज्य मराठी विकास संस्थेनेही दुर्मीळ मराठी पुस्तके आणि नियतकालिके याच रीतीने खुली केली आहेत. खासगी व्यक्तीने मात्र अंक स्कॅन करून सर्वांना वाटण्याआधी कायद्याचा विचार करायला हवा, कारण भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क अबाधित राहतो आणि एका अंकात असे अनेक लेखक असतात.

सलग वर्ष हाती लागले तर ते बांधून घेणे उत्तम. बांधणी करणारा कारागीर प्रथम गंजलेल्या पिना बोथट पात्याने उचकटून काढतो, बारा अंक क्रमाने रचून ठोकून सारखे करतो, कण्यातून सुईदोरा घालून ते शिवतो, दोन्ही टोकांना अस्तराचा कागद चिकटवतो आणि सगळे शिकंज्यात, म्हणजे लाकडी दाबपट्ट्यांत, आवळून ठेवतो. चिकटवायला मैद्याची खळ वापरतात आणि कीड लागू नये म्हणून तिच्यात किंचित मोरचूद घालतात, त्यामुळे खळीला फिकट निळसर झाक येते. कडा कापताना मात्र कारागिराला आधी बजावावे लागते, कारण अनेक मासिकांत मजकूर कडेच्या अगदी जवळ छापलेला असतो आणि एका घावात ओळींची टोके जातात.

उरलेल्या सुट्या अंकांना शाळा हे चांगले ठिकाण आहे. चित्रकलेच्या तासाला कोलाजसाठी रंगीत पाने हवी असतात, पक्षी-झाडांची कात्रणे निसर्गवहीत चिकटतात आणि जून उजाडला की जाड मुखपृष्ठे वह्यांना कव्हर म्हणून उपयोगी पडतात. पानांच्या पुड्या बांधण्याची जुनी रीत आता सोडावी; शाईतील द्रव्ये अन्नात उतरतात म्हणून २०१८ च्या अन्न-वेष्टन विनियमांनी वर्तमानपत्रासारख्या छापील कागदात खाद्यपदार्थ बांधण्यास मनाई केली आहे. निकामी अंकांपासून नवा कागद करण्याचा विचार आला की दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरच्या कागजीपुऱ्याचे नाव सहज आठवते, कारण हातकागदाची ती परंपरा कित्येक शतकांची आहे. मात्र त्या कागदाचे बळ सुती चिंध्यांच्या लांब तंतूंत आहे, तर गुळगुळीत मासिकाच्या लगद्यात तंतू आखूड आणि मातीच फार. तेव्हा भिजून निकामी झालेले अंक रद्दीत देणेच योग्य, फक्त गुळगुळीत व वर्तमानपत्री कागद वेगवेगळे बांधून द्यावेत.

दुबार प्रतींचा निराळा गठ्ठा शेवटपर्यंत राखून ठेवावा. ज्या संग्राहकाकडे ‘चांदोबा’चे एखादे वर्ष दोन अंकांवाचून अडले आहे, त्याच्याकडे बदल्यात देण्याजोगे असेच दुबार अंक असतात, आणि दोन्ही याद्या समोरासमोर ठेवल्या की दोन्ही घरांतले संच पुरे होतात.