रॅरिटनच्या काठावरची मोजदाद

चार्ल्स बुश नावाचे एक श्रीमंत गृहस्थ 1971 साली वारले आणि त्यांनी जीवशास्त्राच्या संशोधनासाठी सुमारे एक कोटी डॉलर न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाच्या नावे ठेवल्याचं उघड झालं. विद्यापीठाला याची कल्पनाही नव्हती. रॅरिटन नदीच्या पिस्कॅटवेकडच्या काठावरचा परिसर आज बुश कॅम्पस म्हणूनच ओळखला जातो. एडिसन-पिस्कॅटवेतल्या मराठी घरांना तो माहीत असतो इंजिनिअरिंग आणि फार्मसीमुळे. इथे कुणी वन्यजीव संवर्धन शिकतं म्हटलं, की पहिला प्रश्न येतो, इथे कसले वन्यजीव? हायवे आहेत, गोदामं आहेत, हरणं तेवढी घराच्या अंगणात येतात. गेल्या पन्नासेक वर्षांचा हिशेब मांडला, तर या शास्त्राची खरी परीक्षा अशाच गजबजलेल्या मुलखात झाली, असं मला ठामपणे वाटतं.

काळही तसाच जुळून आला होता. अमेरिकेने 1972 मध्ये डीडीटी या कीटकनाशकावर बंदी घातली, 1973 मध्ये संकटग्रस्त प्रजातींचा कायदा केला आणि त्याच वर्षी न्यू जर्सीने आपला स्वतंत्र कायदा आणला. भारतातही वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आणि व्याघ्रप्रकल्प 1973 चा. कायदे झाले, पण ते अंमलात आणायला लागणारी माहिती कुणाकडे होती? एखादी प्रजाती धोक्यात आहे हे सिद्ध करायचं, तर आधी ती किती होती आणि आता किती आहे, हे सांगावं लागतं. ते सांगणारी माणसं विद्यापीठांना घडवावी लागली.

पिस्कॅटवेत हे काम जोआना बर्गर यांनी उभं केलं. सत्तरच्या दशकात त्या रटगर्समध्ये आल्या आणि बार्नेगॅट उपसागरातल्या बेटांवर घरटी करणारे कुरव आणि सुरय त्यांनी दशकानुदशकं मोजले. नुसते मोजले नाहीत. पक्ष्याचं पीस वाढत असताना रक्तातले शिसं-पाऱ्यासारखे धातू त्यात साठतात, म्हणून गळालेलं किंवा उपटलेलं एक पीस प्रयोगशाळेत नेलं, की पक्ष्याला न मारता पाण्यातल्या विषाचा अंदाज येतो. त्यांचे पती मायकेल गोखफेल्ड हे डॉक्टर. शिशाचा कुरवाच्या पिल्लांच्या वागण्यावर काय परिणाम होतो, हे दोघांनी मिळून तपासलं. माणसाचं आरोग्य आणि पाखराचं आरोग्य एकाच टेबलावर ठेवून शिकवणं आज सगळीकडे मान्य झालं आहे. तेव्हा ते सहज पचणारं नव्हतं.

नदीपलीकडे, न्यू ब्रन्सविकच्या कुक कॉलेजात, डेव्हिड एरनफेल्ड वेगळ्याच अंगाने शिकवत होते. मूळचे ते समुद्री कासवांचे अभ्यासक. 1987 मध्ये ‘कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी’ हे नियतकालिक सुरू झालं, त्याचे ते संस्थापक संपादक. प्राण्याचा माणसाला उपयोग काय, एवढ्यावरच त्याची किंमत ठरवली, तर निरुपयोगी ठरलेले प्राणी आपण हसतहसत गमावू, ही त्यांची भूमिका. एकीकडे आकडे, दुसरीकडे आकड्यांच्या पलीकडचा आग्रह. विद्यापीठाच्या बसने नदी ओलांडून दोन्हीकडच्या तासांना बसणाऱ्या विद्यार्थ्यांचा मला आजही हेवा वाटतो.

गरुडाची गोष्ट या विद्यार्थ्यांना शिकताना भेटतेच. डीडीटीमुळे बाल्ड ईगलच्या अंड्यांची टरफलं इतकी पातळ झाली, की साऱ्या न्यू जर्सीत एकच जोडी घरटं करत राहिली आणि तिचीही अंडी वर्षानुवर्षं उबेनात. 1982 मध्ये राज्याच्या जीवशास्त्रज्ञांनी तिथलं अंडं काढून कृत्रिम उष्णतेत उबवलं आणि पिल्लू परत घरट्यात ठेवलं. पुढे कॅनडातून पिल्लं आणून सोडली. आज राज्यात दोनशेहून जास्त घरटी आहेत. जानेवारी 2025 मध्ये न्यू जर्सीने या पक्ष्याला संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर काढलं.

त्याहून मला आवडते ती बेडकाची हकीकत. जेरेमी फाइनबर्ग हा रटगर्सचा पीएचडीचा विद्यार्थी न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर बेडकांचा अभ्यास करत होता. तिथल्या ठिपकेवाल्या बेडकाचा आवाज त्याला ओळखीच्या जातींशी जुळेना. हा बेडूक वेगळा असावा, असा संशय कार्ल कॉफेल्ड या अभ्यासकाने 1930 च्या दशकातच व्यक्त केला होता, पण तो मागे पडला. डीएनए आणि आवाज तपासून 2014 मध्ये नवी प्रजाती जाहीर झाली आणि तिला कॉफेल्ड यांचंच नाव मिळालं. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत बर्गरही आहेत. एवढ्या मोठ्या शहराच्या हद्दीत पाठीचा कणा असलेला एक अख्खा प्राणी विसाव्या शतकभर बिननावाचा डरावत होता! पुण्याच्या गरवारे महाविद्यालयातले आनंद पाध्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये पश्चिम घाटातल्या एका झुडूपबेडकाला प्राध्यापक हेमंत घाटे यांचं नाव दिलं, तेव्हाही कान आणि चिकाटी यांचंच काम होतं.

सगळेच शेवट गोड नाहीत. डेलावेअर उपसागराच्या किनाऱ्यावर दर मे महिन्यात हॉर्सशू क्रॅब अंडी घालायला वाळूत येतात. नाव क्रॅब, पण नातं कोळ्यांशी, आणि वंश डायनोसॉरहूनही जुना. दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडून आर्क्टिकला निघालेले रेड नॉट पक्षी नेमके तेव्हा इथे उतरतात आणि दोनेक आठवडे ही अंडी खाऊन वजन जवळजवळ दुप्पट करतात. तेवढी चरबी मिळाली नाही, तर पुढची वीण जमत नाही. 1990 च्या दशकात ईल आणि शंखांच्या मासेमारीत आमिष म्हणून हे क्रॅब बेसुमार पकडले गेले. 1980 च्या दशकात इथे 90 हजारांवर रेड नॉट मोजले गेले होते, 2021 मध्ये ते 7 हजारांच्याही खाली आले. या घसरणीचा अभ्यास करणाऱ्यांत लॅरी नाइल्स, अमांडा डे यांच्याबरोबर बर्गर होत्याच. माणसांच्या वर्दळीने पक्षी किती वेळा उडतात, किती खायचे राहतात, हेही मोजलं गेलं आणि त्यातूनच मे महिन्यात काही किनारे लोकांसाठी बंद करण्याला आधार मिळाला. न्यू जर्सीने 2008 मध्ये क्रॅब पकडण्यावर बंदी आणली. 2014 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या केंद्र सरकारने रेड नॉटला धोक्यातली प्रजाती जाहीर केलं. इतकं करूनही पक्षी परतलेले नाहीत. बंदी वेळेवर आली असती तर, हा विचार मला फार छळतो.

क्रॅबवरचा ताण फक्त आमिषापुरता नाही. त्याच्या निळ्या रक्तापासून बनणाऱ्या द्रव्याने लशी आणि इंजेक्शनं जंतुविषापासून मुक्त आहेत ना, हे तपासतात. त्यासाठी पकडून, रक्त काढून, परत सोडलेल्या क्रॅबपैकी काही मरतात. हेच काम करणारं द्रव्य आता क्रॅबशिवाय प्रयोगशाळेत बनवता येतं. अमेरिकेच्या औषध मानकांमध्ये त्याचा वापर 2025 च्या मे महिन्यापासून अधिकृतपणे मान्य झाला आहे, पण सक्तीचा नाही. कुठली चाचणी घ्यायची हे प्रत्येक कंपनीने ठरवायचं आहे. पिस्कॅटवेच्या आसपास औषध कंपन्या भरपूर, आणि त्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये मराठी माणसंही आहेत. बुश कॅम्पसवर फार्मसी शिकून बाहेर पडलेली आपली मुलं हा निर्णय जिथे होतो त्या टेबलाशी बसलेली आहेत.