नाव न छापण्याचा कायदा

पुण्यात १९ मे २०२४च्या पहाटे कल्याणीनगरात भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोघांचा बळी घेतला. मोटार चालवणारा सतरा वर्षांचा होता. ‘पेपरवाले त्याचे नाव का छापत नाहीत?’ हा प्रश्न तेव्हा घरोघर विचारला गेला आणि श्रीमंताला पाठीशी घालतात, असे उत्तरही परस्पर दिले गेले. प्रत्यक्षात संपादकांना तिथे निवडीला वावच नव्हता.

बाल न्याय अधिनियम, २०१५च्या कलम ७४नुसार विधिसंघर्षग्रस्त बालकाचे (‘गुन्हेगार’ हा शब्द कायदा कटाक्षाने टाळतो) नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र किंवा त्याची ओळख पटेल असा कोणताही तपशील छापता येत नाही. छापल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बालकाचे हित असेल तर बाल न्याय मंडळ लेखी कारणे नोंदवून परवानगी देऊ शकते. लोकांचा संताप हे त्यासाठी कारण होत नाही.

वय धरायचे ते घटनेच्या दिवशीचे. त्यामुळे मुलगा पुढे अठरा ओलांडून गेला तरी बंदी उठत नाही. दिल्लीतील डिसेंबर २०१२च्या अत्याचारानंतर कायदा कडक झाला. निर्घृण गुन्ह्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालवण्याची सोय आली. पण अशा मुलासाठी कलम ७४मध्ये अपवाद घातलेला नाही. याच कलमात, प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्याच्या दाखल्यासाठीही पोलिसांनी त्याची नोंद उघड करू नये, असे म्हटले आहे. पोलिसांनी कपाटात बंद केलेली नोंद वर्तमानपत्राच्या जुन्या अंकात उघडी राहिली, तर त्या तरतुदीला काय अर्थ उरणार?

खरी अडचण वेगळीच आहे. पुण्यात मुलाच्या वडिलांनाही अटक झाली आणि त्यांचे नाव ठळक मथळ्यांत आले. वडील प्रौढ, आरोपी म्हणून त्यांचे नाव छापायला हे कलम आड येत नाही. मात्र ‘अमुक यांचा अल्पवयीन मुलगा’ एवढे लिहिले की ओळख पटलीच! नाते गाळावे, तर पालक म्हणून ठेवलेला आरोपच वाचकाला कळत नाही. माझ्या मते कलमातील ‘कोणताही तपशील’ या शब्दांत पालकाचे नावही बसते. म्हणजे आरोप पालकत्वातून आलेला असेल, तेव्हा बातमीत नाते राहावे आणि नाव जावे. मथळ्यासाठी नेमके उलटे सोयीचे असते.