आपापल्या पायापुरता डोंगर

मैत्रिणींनो, आपल्या दर्यापुरात डोंगर नाही. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, सपाट जमीन. चढ म्हणावा असा एकच, गच्चीचा जिना! पण अंजनगावच्या रस्त्याला लागलं की उत्तरेला निळसर रांग दिसू लागते. तो गाविलगडचा डोंगर, म्हणजे आपला सातपुडा. गावाजवळून वाहणारी चंद्रभागा तिथूनच उतरते.

तिथे आपण जातोही. वर्षातून एकदा, गाडी करून. माणसं आणि पोरं पॉइंट पाहायला पळतात आणि बाई सतरंजीवर डबे राखत बसते. "माह्यानं नाही होत बाप्पा, तुम्ही या जाऊन." दिवसभर निंदण-वेचणी करणारी, शेगावच्या वारीला पायी जाणारी बाई असं म्हणते, तेव्हा प्रश्न पायांचा नसतोच. मुद्दाम आपल्यासाठी चालायचं, हेच तिला कुणी सांगितलेलं नसतं.

स्वित्झर्लंडमध्ये एक छान सोय आहे. तिथल्या डोंगरवाटांना रंग दिलेत. साध्या वाटेला पिवळी पाटी, चढणीच्या वाटेला पांढरी-लाल-पांढरी खूण, अवघड वाटेला पांढरी-निळी-पांढरी. हिवाळ्यात पाय बर्फात रुतू नयेत म्हणून बुटांखाली बॅडमिंटनच्या रॅकेटसारखे पसरट जोड बांधून चालतात, त्या वाटांना गुलाबी पाट्या. म्हणजे आजी आपल्या रंगानं जाणार, नात आपल्या. आपल्याकडे अशा पाट्या नाहीत, तर मनातल्या मनात लावून घेऊ या.

पहिली पिवळी वाट चिखलदऱ्याची. हे गाव सुमारे अकराशे मीटर उंचीवर आहे, पण चढायचं काम परतवाड्याहून एसटीच करते. वर पठार. देवी पॉइंट, हरिकेन पॉइंट, पंचबोल पॉइंट ही ठिकाणं बहुतेक सडकेनंच चालत गाठता येतात. दुखऱ्या गुडघ्यांच्या काकूंनी एका दिवशी एकच पॉइंट करावा, तोही रमतगमत. पंचबोलला दरीत हाक मारली की ती फिरून फिरून परत येते. घरात कधी आवाज न चढवणाऱ्या बाईनं तिथे जरूर ओरडून पाहावं! भीमकुंडाशी कीचकाची गोष्ट आहे. भीमानं त्याला मारून दरीत टाकलं, म्हणून कीचकदरा, त्याचा चिखलदरा. वाटेत कॉफीची झाडं दिसली तर नवल नको, विदर्भात कॉफी पिकते ती इथेच.

दुसरी वाट लाल, गाविलगडची. चिखलदऱ्याहून गेलं तर गड खालून चढावा लागत नाही, हा मोठा फायदा. आत मात्र दगडधोंडे, झुडपं, उतार आहेत. दरवाजांवरची कोरीव शिल्पं आणि जुने तलाव बघत दोन-तीन तास सहज जातात. १५ डिसेंबर १८०३ ला वेलस्लीच्या फौजेनं हा गड घेतला. त्यासाठी उत्तरेच्या बाजूनं डोंगरातून तोफा ओढून आणल्या होत्या. दोनच दिवसांनी भोसल्यांशी देवगावचा तह झाला आणि ३० डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा. आपल्या रोजच्या एसटी थांब्याचं नाव इतिहासाच्या पुस्तकात आहे, पोरांना हे तिथेच उभं राहून सांगा.

तिसरी वाट पायात जोर असणाऱ्यांची, अकोटजवळच्या नरनाळ्याची. पायथ्याला शहानूर. महाकाली दरवाजावरचं अक्षरकाम आणि जाळीचं काम पाहिल्यावर माझा तरी दम कुठल्या कुठे गेला. पण हा मेळघाटचा वाघांचा टापू आहे. प्रवेश वनखात्याच्या नाक्यावरून. पायी सोडतात की गाडीनंच, हे त्या त्या वेळी आधी विचारा आणि सांगतील तेच करा. अस्वलासमोर आपला बचत गट चालत नाही.

आता जे कुणी लिहीत नाही ते. बाईचं फिरणं गुडघ्यांपेक्षा जास्त अडतं ते "जायचं कुठे" या प्रश्नानं. म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही, मग उन्हात चक्कर येते आणि घरचे म्हणतात, "पाहा, सांगितलं होतं ना!" पाणी प्याच. बायकांचाच पाच-सहा जणींचा गट करा, म्हणजे आडोसा धरायला संकोच होत नाही. पिशवीत पाण्याची जादा बाटली, साबणाचा तुकडा, पाळीचं सामान आणि वापरलेलं परत आणायला जाड पिशवी ठेवा. जंगलात काही टाकू नका.

पावसाळ्यात धबधबे सुंदर, पण शेवाळावर पाय घसरतो. नवख्या बायकांनी दिवाळीनंतर जावं. आधी महिनाभर रोज पहाटे अर्धा तास चाला आणि जिना चारदा चढा-उतरा. उतरताना गुडघे जास्त दुखतात, तेव्हा सवय उतरायचीही हवी. चप्पल नको, दोरीचे कॅनव्हासचे बूट घ्या, आणि नवे असतील तर आठवडाभर घरात वापरा. सलवार-कुर्ता सोयीचा. साडीच नेसायची तर घोट्याच्या वर खोचा, कुणी बघत नाही. डब्यात दशम्या, ठेचा, फुटाणे पुरेत; पुऱ्या-भाजीचा बारदाना नेला की पुन्हा सतरंजीवर बसणं आलं.

आणि चिखलदऱ्याला उतरल्याबरोबर परतीची शेवटची एसटी किती वाजता, ते आधी विचारून घ्या.