राकाई : वर्तन कोणाचे, दोष कोणाचा?

'जोखमीचे लैंगिक वर्तन' हा शब्दप्रयोग आरोग्यशास्त्राच्या पुस्तकांत इतका रुळला आहे की, त्यातला आरोप आता कोणाला ऐकूच येत नाही. वर्तन माणसाचे, तेव्हा रोगही त्याच्याच कर्माचा, असा हा हिशेब. ही भाषा आपल्याला नवी नाही. म्हणूनच आफ्रिकेतल्या एका खेड्यापाड्यांच्या मुलखात हे 'वर्तन' कसे बदलत गेले, ते येथे मांडतो.

राकाई हा युगांडाच्या दक्षिणेचा, टांझानियाला लागून असलेला मुलूख. एका अंगाला व्हिक्टोरिया सरोवर. केळी, कॉफी आणि मासळी यांवर माणसे जगतात. १९८२ च्या सुमारास सरोवराकाठच्या कासेन्सेरो गावात माणसे झिजून मरू लागली. लोकांनी रोगाचे नाव ठेवले 'स्लिम', म्हणजे हाडकुळा करणारा. तो एड्सच होता. १९८८ पासून संशोधक तिथल्या गावांत पुन्हा पुन्हा जाऊन रक्त तपासतात, प्रश्न विचारतात. इतकी दीर्घ नोंद फार थोड्या ठिकाणी सापडते.

१९८६ मध्ये मुसेवेनी सत्तेवर आले आणि सरकारने उघड प्रचार सुरू केला. 'झीरो ग्रेझिंग' ही त्यातली घोषणा कोणाही शेतकऱ्याला कळावी अशी : दावणीला बांधलेले जनावर दुसऱ्याच्या रानात तोंड घालत नाही, तसे राहा. १९८९ मध्ये फिली लुताया या लोकप्रिय गायकाने आपल्याला एड्स असल्याचे जाहीर केले, लोकांपुढे बोलत तो फिरला आणि त्याच डिसेंबरात वारला. पुढे देशातले लागणीचे प्रमाण उतरले. संयम आणि एकनिष्ठता जिंकली, असा डांगोरा पश्चिमेतल्या नीतिवाद्यांनी पिटला.

येथे थोडे थांबले पाहिजे. गावात शंभरांत किती जणांना लागण आहे, हा आकडा दोन कारणांनी उतरतो. नवी लागण घटली म्हणून, किंवा लागण झालेली माणसे मेली म्हणून. २००५ साली बोस्टनच्या परिषदेत मारिया वॉवर यांनी राकाईची नोंद मांडली. आधीच्या दशकातल्या घटीत मरणांचा वाटा मोठा होता. निरोधचा वापर वाढला होता, संयम व एकनिष्ठता मात्र उलट सैलावत होती. मसणवट्याने उतरवलेला आकडा नीतीच्या खात्यावर जमा! शिवाय हे 'वर्तन' म्हणजे माणसाने प्रश्नावलीला दिलेले उत्तर. वर्षानुवर्षे प्रचार ऐकल्यावर कोणते उत्तर शोभते, हे कोणालाही कळते. आमचे विद्यार्थीदेखील तपासणी-समितीपुढे रोज ग्रंथालयात बसत असल्याचेच सांगतात.

नंतरचा एक बदल मला अधिक मोलाचा वाटतो. 'अजून संबंध आलेला नाही' असे सांगणारी १५ ते १९ वयाची मुलेमुली राकाईत १९९९ मध्ये शंभरांत ३० होती. २०१६ मध्ये ५५. त्यांना कोणी नवे चारित्र्य वाटले काय? १९९७ मध्ये युगांडाने प्राथमिक शिक्षण मोफत केले, २००७ पासून माध्यमिकसाठीही योजना आली. मुली शाळेत टिकू लागल्या, बाळंतपणे पुढे गेली. जॉन सँटेली आणि सहकाऱ्यांनी तरुणींमधली नव्या लागणीची घट शाळेत राहण्याशी जोडून दाखवली. शाळा सुटलेल्या गरीब मुलीपुढे असतो तो बहुधा हाती पैसा असलेला, वयाने मोठा पुरुष. त्याला 'निरोध वापर' म्हणण्याची ताकद तिने कोठून आणावी? माझ्या घराण्यात कॉलेजचा उंबरठा ओलांडणारा मी पहिला; वस्तीतल्या माझ्या बरोबरीच्या मुलींची लग्ने मी बी.ए.ला असतानाच उरकली होती. हे मला पुस्तकातून कळून घ्यावे लागत नाही.

बाकीचे काम औषधांनी आणि पुरुषांच्या सुंतेने केले. सुंतेने पुरुषाचा धोका सुमारे निम्म्याने घटतो, हे राकाईतल्याच चाचणीत दिसले होते. २००६ पूर्वी दर शंभर माणसांमागे वर्षाला १.१७ नवी लागण होत होती, ती २०१६ पर्यंत ०.६६ वर आली.

पण सरोवराकाठी चित्र वेगळे राहिले. मासेमारीच्या वस्त्यांत दहांतल्या चार प्रौढांना लागण होती. मुलूख तोच, घोषणा त्याच. पुरुष जिवावर उदार होऊन पाण्यात जातो, रोख पैसा घेऊन परततो. पोटापाण्यासाठी दुरून आलेल्या बायका काठावर असतात. औषधे आणि सुंता तिथवर पोचली, तेव्हा २०११-१२ मधली शंभरामागे ३.४३ ही नवी लागण २०१६-१७ पर्यंत १.५९ झाली.