कार-टी पेशीचिकित्सा आणि आपला रुग्ण

रुग्णाच्याच पेशींना औषधाचे रूप देऊन रक्ताच्या कर्करोगावर उपचार करणारी कार-टी चिकित्सा आता आपल्या देशातही उपलब्ध झाली आहे. ही चिकित्सा घेतलेला रुग्ण काही आठवड्यांनी घरी परततो, आणि परिचयाचा वैद्य म्हणून तो किंवा त्याचे नातलग आपल्याकडे येऊ शकतात. 'प्रतिकारशक्तीचेच उपचार झाले आहेत, ती आणखी वाढेल असे काही द्या', अशी मागणी त्यांनी केल्यास नवल नाही. ही मागणी वरकरणी सयुक्तिक वाटते. ती तशी का नाही, हे कळण्यासाठी या चिकित्सेचे स्वरूप व तिच्या परीक्षणांचा इतिहास पाहणे आवश्यक आहे.

चक्रपाणीने व्याधिक्षमत्वाचे दोन अंग सांगितले आहेत : उत्पन्न व्याधीच्या बलाला विरोध करणे आणि व्याधी उत्पन्नच होऊ न देणे. कार-टी चिकित्सेने यांपैकी कोणतेही अंग सर्वसाधारणपणे बलवान होत नाही. येथे केवळ एका लक्ष्याचा वेध घेतला जातो. रुग्णाच्या रक्तातून टी पेशी वेगळ्या काढतात. प्रयोगशाळेत, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने, त्यांच्यात एका कृत्रिम ग्राहकाचे जनुक घालतात. या ग्राहकामुळे टी पेशी बी पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी-१९ नामक प्रथिन ओळखू लागतात. पेशींची संख्या वाढवून, रुग्णाला अल्पकाळ केमोथेरपी देऊन, त्या शिरेवाटे परत सोडल्या जातात.

मात्र सीडी-१९ हे प्रथिन निरोगी बी पेशींवरही असते. अर्बुदाच्या पेशींबरोबर त्याही नष्ट होतात आणि प्रतिपिंडांची निर्मिती मंदावते. पूर्वी दिलेल्या केमोथेरपीमुळे श्वेतकणही घटलेले असतात. म्हणजे 'प्रतिकारशक्तीचे उपचार' घेतलेला हा रुग्ण जंतुसंसर्गाच्या दृष्टीने पुढे कित्येक महिने दुर्बलच असतो. शब्दाने येथे मोठीच दिशाभूल केली आहे.

अशा ग्राहकाची मूळ कल्पना इस्रायलमधील वाइझमान संस्थेत झेलिग एशहार यांनी १९८९ मध्ये प्रत्यक्षात आणून दाखविली. पहिल्या पिढीतील पेशी शत्रू ओळखत, परंतु शरीरात टिकत नसत. ग्राहकाला दुसरा उत्तेजक संकेत जोडल्यावरच त्या वाढू व टिकू लागल्या. २०१० मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कार्ल जून यांच्या गटाने तीन रुग्णांवर हा प्रयोग केला. त्यांतील दोघांचा रोग पूर्णपणे ओसरला.

एप्रिल २०१२ मध्ये फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला या पेशी देण्यात आल्या. तिचा तीव्र ल्युकेमिया दोनदा उलटला होता. काही दिवसांतच तिला अतितीव्र ज्वर आला, रक्तदाब घसरला आणि कृत्रिम श्वसनयंत्र लावावे लागले. तपासणीत इंटरल्युकिन-६ हे द्रव्य अफाट वाढलेले आढळले. ते रोखणारे टॉसिलिझुमॅब हे औषध संधिवातासाठी वापरात होते. घरातीलच एका संधिवाताच्या रुग्णामुळे जून यांना ते ठाऊक होते, हा योगायोग म्हणावा लागेल. ते दिल्यावर मुलगी झपाट्याने सावरली व पुढे रोगमुक्त राहिली. लाखो पेशी एकाच वेळी उद्दीप्त झाल्याने उठणाऱ्या या उपद्रवाला 'सायटोकाइन रिलीज सिंड्रोम' म्हणतात. ३० ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेत पहिल्या कार-टी औषधाला मान्यता मिळाली, त्याच दिवशी टॉसिलिझुमॅबलाही या उपद्रवासाठी मान्यता मिळाली. मान्यतेच्या आधारभूत परीक्षणात ७५ रुग्णांना पेशी दिल्या होत्या, आणि तीन महिन्यांत ८१ टक्के रुग्णांचा रोग ओसरला होता. अन्य उपाय खुंटलेल्या रुग्णांत हे प्रमाण असल्याने एवढी लहान संख्याही पुरेशी मानली गेली. औषधाची किंमत मात्र ४,७५,००० डॉलर होती.

भारतातील पहिली कार-टी चिकित्सा ४ जून २०२१ रोजी टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संस्थेत झाली. पेशी मुंबईच्या आयआयटीत सिद्ध केल्या होत्या. 'नेक्सकार-१९' या नावाने या औषधाला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. खर्च परदेशाच्या सुमारे एक दशांश असल्याचे सांगण्यात आले, तरी तो लाखांतच मोजावा लागतो. २०२५ मध्ये 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी'त ६४ रुग्णांवरील परीक्षण प्रसिद्ध झाले. मूल्यमापन शक्य असलेल्या ५१ पैकी ७३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. बहुतेकांचे श्वेतकण तीव्र प्रमाणात घटले, आणि दोन मृत्यू उपचाराशी संबंधित होते. दोन्ही आकडे रुग्णाला सांगावेत.

मुख, स्तन, गर्भाशयग्रीवा यांच्या अर्बुदांत मात्र ही चिकित्सा अद्याप रूढ झालेली नाही. घन अर्बुदाच्या सर्व पेशींवर असलेले आणि निरोगी अवयवांवर नसलेले लक्ष्य क्वचितच सापडते. चीनमध्ये जठराच्या कर्करोगावर झालेल्या व २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात रोग स्थिर राहण्याचा काळ काही आठवड्यांनीच वाढला.

आता आपल्या व्यवहाराकडे वळू. पेशी दिल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आलेला ज्वर हा लंघन-पाचनाने वाट पाहण्याचा ज्वर नव्हे. तो सायटोकाइनचा असो वा संसर्गाचा, रुग्णाला तत्काळ मूळ रुग्णालयाकडे पाठवावे. मज्जासंस्थेवरील उपद्रव प्रथम लेखनातून दिसू शकतो, म्हणून रुग्णालयात रोज एक वाक्य लिहून घेतात व शंभरापासून दहा-दहा कमी करीत मोजावयास लावतात. ही परीक्षा दवाखान्यातही दोन मिनिटांत होते. अक्षर बिघडले, शब्द अडखळले, तर रुग्णाला घरी परत पाठवू नये.

गुडूची, अश्वगंधा यांसारखी रसायने आपल्या अनुभवाची आहेत. परंतु टी पेशींवर परिणाम करणारे द्रव्य या काळात उपचारक तज्ज्ञाला विचारल्याविना देणे मला योग्य वाटत नाही. दिले असल्यास द्रव्य, मात्रा व कालावधी लिहून द्यावा. औषधालयांच्या मालकांना विशेष विनंती अशी की, घटकांची नोंद नसलेली चूर्णे व पुड्या अशा रुग्णाला देऊ नयेत. त्यांत स्टेरॉइडची भेसळ असल्यास ज्वर झाकला जातो आणि लाखो रुपये खर्चून घडविलेल्या पेशीही दबतात. कर्करोग बरा करण्याचा दावा जाहिरातीत करणे १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय या कायद्याने निषिद्ध आहे, मग उत्पादन पेशींचे असो वा काष्ठौषधींचे. रुग्णाजवळ रुग्णालयाने दिलेले सूचनापत्र असते. त्यावरील तातडीचा दूरध्वनी क्रमांक पहिल्याच भेटीत आपल्या रुग्णपत्रिकेवर उतरवून घ्यावा.