नऊशे नऊ मोहिमा आणि एक मत

लीग ऑफ विमेन व्होटर्स या अमेरिकन संघटनेचा वाढदिवस १४ फेब्रुवारीला असतो. १९२० साली, शिकागोच्या ऐन थंडीत तिची स्थापना झाली. नावातच ‘मतदार’ असलेल्या या संघटनेतल्या लाखो बायकांना देशाच्या घटनेने तेव्हा मताचा अधिकार दिलेलाच नव्हता. घटनादुरुस्ती पक्की व्हायला अजून सहा महिने होते. मुहूर्त निघायच्या आधीच मांडव घालून ठेवण्याचा हा विश्वास मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यामागे किती हिशेब होता हे नंतर कळतं.

तो हिशेब कॅरी चॅपमन कॅट यांनी मांडून ठेवला आहे. लीगची कल्पना त्यांचीच. स्थापनेच्या वेळी त्या ६१ वर्षांच्या होत्या. १८७२ साली, तेरा वर्षांच्या असताना, आयोवातल्या घरी अध्यक्षीय निवडणुकीच्या दिवशी त्यांनी आईला विचारलं होतं, तू कपडे बदलून मत द्यायला का निघत नाहीस? घरातले सगळे हसले. त्या हसण्याला उत्तर द्यायला ४८ वर्षं लागली.

कॅट आणि त्यांच्या सहकारी नेटी रॉजर्स शूलर यांनी १९२३ साली हिशेबाची वही उघडली. सुरुवात धरली १८६८ पासून. त्या वर्षी चौदाव्या घटनादुरुस्तीने मतदाराच्या संदर्भात ‘पुरुष’ हा शब्द अमेरिकेच्या घटनेत पहिल्यांदा आणला. त्या एका शब्दाचा परिणाम पुसायला बावन्न वर्षं लागली, आणि त्या बावन्न वर्षांतल्या मोहिमा अशा: पुरुष मतदारांपुढे कौल मागण्यासाठी ५६. राज्यांच्या कायदेमंडळांनी हा प्रश्न मतदारांपुढे न्यावा म्हणून ४८०. राज्यघटना लिहिणाऱ्या परिषदांपुढे ४७. राज्यांतल्या पक्ष-अधिवेशनांनी जाहीरनाम्यात एक कलम घालावं म्हणून २७७. राष्ट्रीय पक्ष-अधिवेशनांत ३०. आणि अमेरिकी संसदेच्या, एकामागून एक आलेल्या १९ काँग्रेसपुढे १९.

ही बेरीज मी कागदावर केली. ९०९. बावन्न वर्षांना भागलं तर दर एकवीस दिवसांना एक मोहीम. अर्जविनंत्या, सभा, वर्गणी, आगगाडीचा प्रवास, आमदारांच्या दारात तिष्ठणं, बहुतेक वेळा नकार, आणि तीन आठवड्यांत पुढची तयारी. एक पिढी थकली तर तिच्या मुलींनी, मुली थकल्या तर नातींनी.

नकार किती, तेही पाहा. १८७० ते १९१० या चाळीस वर्षांत प्रश्न प्रत्यक्ष मतदारांपुढे गेला तो अवघ्या सतरा वेळा, आणि जिंकला दोनदा: १८९३ साली कोलोरॅडोत, १८९६ साली आयडाहोत. त्यानंतर १९१० पर्यंत एकही नवं राज्य मिळालं नाही. चौदा वर्षं शून्य. पुढे १९१७ साली न्यू यॉर्कच्या कार्यकर्त्यांनी दारोदार फिरून बायकांच्या दहा लाखांहून अधिक सह्या जमवल्या आणि मिरवणुकीत फलकांवर लावून रस्त्याने नेल्या. एका सहीला एकच मिनिट धरलं तरी दहा लाख मिनिटं म्हणजे दिवसरात्र न थांबता ६९४ दिवस. आणि जिने कधी दारोदार फिरून सह्या घेतल्या आहेत तिला विचारा, एका मिनिटात फार तर दार उघडतं.

या चळवळीचं एक पान मराठीतही आहे. १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि मग दोन-अडीच वर्षं अमेरिकेत फिरल्या. १८८८ साली वॉशिंग्टनमध्ये आंतरराष्ट्रीय महिला परिषद भरली, ती स्त्री-हक्कांच्या पहिल्या सभेला चाळीस वर्षं झाली म्हणून. त्या परिषदेला रमाबाई हजर होत्या. दुसऱ्या वर्षी त्यांचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत आलं आणि तिथल्या बायका संस्था कशा बांधतात, हे इथल्या वाचकांना कळलं. रमाबाईंचा जन्म १८५८ चा, कॅट यांचा १८५९ चा. म्हणजे दोघी जवळपास एकाच वयाच्या. १९२१ साली मुंबई इलाख्यात काही मोजक्या बायकांना मताचा अधिकार मिळाला, तेव्हा रमाबाई हयात होत्या. हे मनात आलं की चळवळ एकदम जवळची वाटू लागते.

ती चाळीस वर्षांपूर्वीची सभा न्यू यॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्स या छोट्या गावातली. तारीख १९ आणि २० जुलै १८४८. सुमारे तीनशे माणसं जमली. जाहीरनाम्यावर १०० जणांनी सही केली, ६८ बायका आणि ३२ पुरुष. तिथून १८ ऑगस्ट १९२० पर्यंत, म्हणजे छत्तिसाव्या राज्याने मान्यता देऊन दुरुस्ती पक्की होईपर्यंत, २६,३२६ दिवस गेले. दुरुस्तीने मताचं दार उघडलं ते सुमारे २ कोटी ६० लाख बायकांसाठी. भागाकार करून बघा. लढ्याच्या प्रत्येक दिवसामागे जवळपास हजार बायका. ज्या दिवशी काहीच घडलं नाही, पावसामुळे सभा रद्द झाली, सभागृहात विधेयक गुंडाळून ठेवलं गेलं, त्या दिवसाच्याही वाट्याला हजार.

कोट्यवधींची ही गोष्ट दर वळणावर मात्र एका मतावर येऊन थांबते. १० जानेवारी १९१८ ला प्रतिनिधीगृहात दुरुस्तीच्या ठरावावर २७४ विरुद्ध १३६ मतं पडली. दोन-तृतीयांशासाठी २७४ च लागत होती. एक कमी पडतं तर सगळं बुडालं असतं. त्या दिवशी टेनेसीचे एक सदस्य मोडलेला खांदा तसाच घेऊन आले. न्यू यॉर्कचे फ्रेडरिक हिक्स मरणासन्न पत्नीच्या उशाशी बसले होते. ती या चळवळीतली. तिच्या आग्रहावरून ते उठून आले, मत दिलं आणि परत गेले ते तिच्या अंत्यविधीला. यानंतर सिनेटने दोनदा नकार दिला, एकदा दोन मतांनी आणि एकदा एका मताने. १९१९ च्या ४ जूनला अखेर सिनेटमधून ठराव निघाला.

मग राज्यांची मान्यता. ४८ पैकी ३६ हवी होती. पस्तीस झाली आणि गाडं टेनेसीत अडकलं. तिथल्या प्रतिनिधीगृहात ठराव बाजूला ठेवण्याच्या सूचनेवर ४८-४८ अशी बरोबरी झाली. हॅरी बर्न हा २४ वर्षांचा सदस्य विरोधकांचं लाल गुलाब कोटाला लावून बसला होता. खिशात आईचं पत्र होतं, त्यात तिने मुलाला दुरुस्तीच्या बाजूने उभं राहायला सांगितलं होतं. प्रत्यक्ष मान्यतेचं मत आलं तेव्हा तो ‘हो’ म्हणाला. एक माणूस इकडून तिकडे सरकला आणि ४८-४८ चे ४९-४७ झाले. अडीच कोटींहून अधिक बायकांचं भवितव्य एका आईच्या टपालखर्चावर तोललं गेलं होतं, याचं मला आजही दडपण येतं.

इथे गोष्ट संपवता आली असती. कॅट यांच्या राष्ट्रीय संघटनेचे तेव्हा वीस लाख सभासद होते. काम फत्ते झालं, आता घरी जा, असं म्हणता आलं असतं. पण त्यांना पुढचं दिसत होतं, म्हणूनच लीग. १९२० च्या नोव्हेंबरात अध्यक्षपदासाठी मतदान झालं तेव्हा नव्या मतदार बायकांपैकी सुमारे एक-तृतीयांशच केंद्रावर गेल्या, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मतपत्रिका कशी असते, नाव कुठे नोंदवायचं, खूण कुठे करायची, कोणी सांगितलंच नव्हतं. लीगच्या पहिल्या अध्यक्ष मॉड वुड पार्क आणि त्यांच्या कार्यकर्त्या गावोगाव नागरिकत्वाच्या शाळा घेऊ लागल्या.

नियम एकच होता आणि तो आजही आहे: कोणत्याही पक्षाला वा उमेदवाराला पाठिंबा नाही, विरोधही नाही. प्रश्नांवर मात्र भूमिका घ्यायची, आणि तीही आधी अभ्यास करून, स्थानिक शाखांत चर्चा करून, सहमती झाल्यावर. उमेदवारांना सारखेच प्रश्न पाठवायचे, त्यांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत शेजारी शेजारी छापायची. वाचायला हे मिळमिळीत वाटेल. निवडणुकीच्या हंगामात, दोन्ही बाजू ‘तुम्ही नक्की कोणाच्या’ म्हणून अंगावर येत असताना शंभर वर्षं हे पाळणं म्हणजे तारेवरची कसरत आहे.

पहिल्याच वर्षांत इतर महिला संघटनांबरोबर लीगने एक कायदा करवून घेतला, १९२१ चा शेपर्ड-टाउनर कायदा, बाळंतिणी आणि तान्ह्या मुलांच्या आरोग्यासाठी. १९२९ ला तो बंद पडेपर्यंत परिचारिकांनी तीस लाखांहून अधिक घरभेटी दिल्या आणि सुमारे तीन हजार केंद्रं उभी राहिली. दिवसाला हजारभर उंबरठे. बायकांना मत देऊन काय फरक पडणार, असं विचारणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर मला ठाऊक नाही.

पण एक आकडा असा आहे की त्यापुढे बाकीच्या आकड्यांनी मान खाली घालावी. ६.७. मिसिसिपी राज्यात १९६० च्या दशकाच्या मध्यावर, नव्या कायद्याच्या आधी, मतदानाच्या वयाच्या शंभर कृष्णवर्णीय माणसांपैकी सातांचीही नावं यादीत नव्हती. घटनेने दार उघडून चार दशकं उलटली होती. १९६२ च्या ऑगस्टमध्ये फॅनी लू हेमर ही कापसाच्या मळ्यावर राबणारी बाई सतरा जणांबरोबर बसने इंडियानोला गावी नाव नोंदवायला गेली. तिथे तिला राज्यघटनेतल्या एका कलमाचा अर्थ लिहायला सांगितला, आणि नापास ठरवलं. घरी परतली तर मळ्याच्या मालकाने त्याच दिवशी तिला हाकललं. अठरा वर्षं ती तिथे राबली होती. १९६५ चा मतदान हक्क कायदा आला आणि दोन वर्षांत मिसिसिपीतला तो आकडा ५९.८ वर गेला. म्हणजे इच्छेची कमतरता कधीच नव्हती.

मताधिकाराच्या चळवळीतल्या गोऱ्या नेत्यांनी कृष्णवर्णीय बायकांना दूर ठेवलं होतं. बायकांना मत दिल्याने गोऱ्यांचं वर्चस्व घटणार नाही, उलट बळकट होईल, असा युक्तिवाद स्वतः कॅट यांनी केला होता. कॅट यांच्याविषयी मनापासून आदर वाटत असतानाही हे वाक्य मला टाळता येत नाही, आणि टाळूही नये. २०१८ साली लीगने आपल्या इतिहासातला हा भाग जाहीरपणे कबूल केला.

लीगच्या इतिहासातलं सर्वांत मोठं व्यासपीठ टीव्हीचं होतं. १९६० नंतर सोळा वर्षं अध्यक्षीय उमेदवारांची समोरासमोर चर्चा झालीच नव्हती. बाहेरच्या संस्थेने कार्यक्रम ठेवला तर प्रत्येक किरकोळ उमेदवाराला सारखा वेळ देण्याचं बंधन वाहिन्यांवर राहणार नाही, असा नियमाचा अर्थ १९७५ साली लावला गेला, आणि लीग पुढे झाली. २३ सप्टेंबर १९७६, फिलाडेल्फिया. फोर्ड आणि कार्टर बोलत असताना आवाजाची यंत्रणा बंद पडली. सत्तावीस मिनिटं दोघेही आपापल्या जागी जवळपास निःशब्द उभे राहिले, आणि कोट्यवधी लोक ते पाहत राहिले. १९८० ला क्लीव्हलँडमध्ये कार्टर आणि रेगन समोरासमोर आले तेव्हा प्रेक्षक होते सुमारे आठ कोटी. देशाची लोकसंख्या तेव्हा साडेबावीस कोटी.

हे व्यासपीठ लीगने स्वतःहून सोडलं. १९८८ साली दोन्ही उमेदवारांच्या प्रचारयंत्रणांनी आपसात ठरवून सोळा पानी करार लीगपुढे ठेवला: प्रश्न कोण विचारणार, सभागृहात कोण बसणार, सगळं तेच ठरवणार. ३ ऑक्टोबरला लीगने अंग काढून घेतलं. कोट्यवधी प्रेक्षकांवर पाणी सोडलं. मला विचाराल तर लीगच्या इतिहासातला सर्वांत मोठा आकडा हाच, त्या दिवशी सोडून दिलेला.

आज पन्नासही राज्यांत लीगच्या सातशेहून अधिक शाखा आहेत. १९७३ पासून पुरुषही सभासद होऊ शकतात. नागरिकत्वाच्या शपथविधीनंतर बाहेर टेबल मांडून नव्या नागरिकांची मतदार नोंदणी करण्याचं काम लीगच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं केलं आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या कुणा मराठी बाईलाही कदाचित असाच पहिला अर्ज मिळाला असेल. १९८० पासून प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत बायकांच्या मतदानाचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त राहिलं आहे. लीगच्या शंभरीच्या वर्षी, २०२० ला, ८ कोटी २२ लाख बायकांनी मतदान केलं आणि ७ कोटी २५ लाख पुरुषांनी. फरक जवळजवळ एक कोटीचा.

सेनेका फॉल्सच्या त्या शंभर सह्यांत एक सही शार्लट वुडवर्ड या कोवळ्या मुलीची होती. घरी बसून हातमोजे शिवून ती चार पैसे मिळवायची. १९२० साली सही करणाऱ्या बायकांपैकी ती एकटीच जिवंत होती, नव्वदीतली म्हातारी. नोव्हेंबरात मतदानाचा दिवस आला. शार्लट आजारी होती, अंथरुणातून उठता येत नव्हतं. तिचं मत राहून गेलं.